शेवटच्या पोराचीही वेळ लिहिणारे सर

आमच्या शाळेचे पी.टी.चे सर गेल्या महिन्यात गेले. त्या दिवशी गावात बाजार भरला नाही, असं भावाने फोनवर सांगितलं. शिरपूर तालुक्यातलं आमचं गाव, आठवडी बाजारावर अर्ध्या पंचक्रोशीचं मिरची-मीठ चालतं, आणि तो बाजार एका निवृत्त शिक्षकासाठी आपोआप बंद राहिला. कुणी तशी दवंडी दिली नव्हती.

दहावं व्हायच्या आतच माजी विद्यार्थ्यांमध्ये बोलणं सुरू झालं की सरांच्या नावाने काहीतरी करायचं. त्यात तीन तट पडले. एकांना शाळेच्या दारात दगडी कमान हवी आहे. दुसऱ्यांना सरांच्या नावाने दरवर्षी मॅरेथॉन भरवायची आहे, म्हणजे खरं तर पाच किलोमीटरची शर्यत, पण मोठ्या रोख बक्षिसांची, आमदारांच्या हस्ते. तिसरे, आणि हे संख्येने जास्त, म्हणतात की पोलीस आणि सैन्य भरतीची अकॅडमी काढू. परदेशात असलेल्या आम्हा चार-सहा जणांकडे अर्थातच पैसे मागितले आहेत. सोबत मतही मागितलं आहे. मी अमेरिकेत, ओहायो राज्यात राहते. माझं मत दोन ओळींत सांगितलं तर उर्मट वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं म्हणणं असं: सर निवृत्त झाल्यापासून सकाळी सहाला त्या मैदानावर कुणीही उभं नसतं. आधी तिथे एक माणूस उभं करा. आणि त्या माणसाने पहिल्या येणाऱ्या चार पोरांना नव्हे, अख्ख्या वर्गाला पळवलं पाहिजे. कमान, बक्षिसं, अकॅडमी हे सगळं त्यानंतर.

हे असं का म्हणते ते कळायला सर काय करायचे ते सांगावं लागेल. नव्या पोरांनी सरांना फक्त पांढऱ्या टोपीतले, पारावर बसलेले आजोबा म्हणून पाहिलं आहे.

सर भूगोल शिकवायचे आणि पी.टी. घ्यायचे. शाळेचं मैदान म्हणजे काळ्या मातीचा एक तुकडा, पावसाळ्यात पाय रुतणारा आणि उन्हाळ्यात भेगाळणारा. पाऊस उघडला की सर खुंटी आणि दोरी घेऊन दोनशे मीटरचा ट्रॅक आखायचे आणि फक्की मारायचे. फक्कीचं पोतं बहुतेक वेळा त्यांच्याच पैशांचं असायचं. सहाला शिट्टी. जानेवारीत सातपुड्याकडून असा वारा यायचा की बोटं वळत नसत, आणि फेब्रुवारी सरला की शिट्टी साडेपाचला व्हायची, कारण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. आठच्या उन्हात पोर पळवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. तालुक्याच्या स्पर्धा एकदा भर उन्हात सुरू झाल्या तेव्हा आमच्या शाळेची पोरं त्यांनी सावलीतून उठू दिली नाहीत. पदकं गेली. घरी येताना एसटीत त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

त्यांच्याकडे एक लांबट वही होती, वाण्याच्या दुकानात उधारीसाठी असते तसली. दर बुधवारी पहिल्या तासाआधी सगळ्या वर्गाने दोन फेऱ्या मारायच्या आणि सरांनी प्रत्येकाची वेळ त्या वहीत लिहायची. प्रत्येकाची. पहिला पोरगा आला की बाकीचे शिक्षक घड्याळ थांबवतात. आमचे सर थांबवत नसत. शेवटचं पोर रेषेवर येईपर्यंत घड्याळ चालू, आणि ते पोर आल्यावर नाव विचारायची गरज न पडता नोंद. मी त्या शेवटच्यांपैकी होते. मला लहानपणी दम्याचा त्रास होता, आणि माझ्या मागे साधारण एक-दोघंच असत. रेषेवर आल्यावर सर वही बघून सांगायचे, ‘मागच्या बुधवारपेक्षा चार सेकंद कमी.’ एवढंच. शाबासकी नाही, कीव तर नाहीच. पण वर्गात पहिला आलेल्या पोराला ते हेच ऐकवायचे: ‘मागच्या बुधवारपेक्षा दोन सेकंद जास्त. काय झालं?’ त्या वहीपुढे आम्ही दोघं सारखेच होतो.

भूगोलाच्या तासाला भिंतीवर तापीचा नकाशा असायचा, सरांनी स्वतः खडूच्या रंगांनी काढलेला. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत जाऊन सुरतजवळ समुद्राला मिळते. सर दर बुधवारी सगळ्या वर्गाने पळालेलं अंतर मिळवायचे आणि तेवढी लाल रेघ नदीवरून पुढे न्यायचे. वार्षिक परीक्षेच्या आत वर्गाने सुरत गाठायची. गणेशोत्सवापर्यंत बऱ्हाणपूर मागे पडायचं, मग पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव, भुसावळ, पुढे पांझरा मिळते ते मुडावद, सारंगखेडा, प्रकाशा. यात्रेला जाऊन आलेली पोरं सारंगखेडा आलं की ओरडायची. कोण कुठल्या फेरीत मागे राहिलं याला त्या रेघेत काही किंमत नव्हती. माझे चारशे मीटर आणि वर्गातल्या सर्वांत चपळ पावरा पोराचे चारशे मीटर नदीवर सारखीच जागा घ्यायचे. एखादं पोर बुधवारी गैरहजर राहिलं तर बाकीची पोरं दुसऱ्या दिवशी त्याच्यावर रागवायची, रेघ आखूड झाली म्हणून. मी पुढे इंजिनिअर झाले, पाण्याच्या प्रकल्पांवर काम केलं, पण नदीची लांबी पायांनी कळण्याचं सुख तेव्हाचंच.

ऑक्टोबर ते डिसेंबर कापसाची वेचणी असते आणि नेमक्या त्याच दिवसांत शालेय स्पर्धाही असतात. सालदारांची, म्हणजे सालाने शेतात राबणाऱ्या मजुरांची, पोरं सकाळी शाळेत दिसायची नाहीत. त्यांची नावं कापणं सोपं होतं. सर संध्याकाळी पुन्हा मैदानावर यायचे, वेचणीवरून परतलेल्या पोरांची वेळ दिवेलागणीला घ्यायचे आणि त्याच वहीत, त्याच बुधवारच्या रकान्यात लिहायचे. त्या पोरांतला एक जण पुढे विभागीय स्पर्धेला नाशिकला गेला. दुसरे चार जण कुठेही गेले नाहीत. वेचणीचे ते महिने शाळेशी त्यांचा धागा त्या संध्याकाळच्या दोन फेऱ्यांनीच टिकला, आणि दहावीला चौघंही बसले.

मुलींचं वेगळं होतं. आमच्या वेळी सातवीनंतर मुलीने पळणं लोकांना बघवत नसे. माझ्या वडिलांनी स्पष्ट नाही म्हटलं होतं, आणि दम्याचं कारण हाताशी होतंच. सर घरी आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले. वडिलांना म्हणाले, ‘दादा, पोर मी नेतो, मीच आणून सोडतो. माझी मोठी पोरगीपण येते.’ डॉक्टरांना विचारून आल्याचंही सांगितलं; किती पळायचं, कुठे थांबायचं, हे ते खरंच विचारून आले होते. सकाळी त्यांची मुलगी आणि सरांची बायको, आमच्या काकू, आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या असायच्या आणि आम्ही सहा-सात जणी मिळून मैदानावर जायचो. ट्रॅकच्या वळणावर सर उभे असायचे आणि मी तिथून धापा टाकत गेले की म्हणायचे, ‘पय वं माय, पय. दम शे तुन्हामा.’ म्हणजे पळ गं माय, दम आहे तुझ्यात. वर्गात ते शुद्ध बोलत, मैदानावर अहिराणी.

ते देव नव्हते. उशिरा येणाऱ्याला बदकचाल करत अख्खा ट्रॅक फिरवत, आणि छडीही वापरत. आज शिक्षण हक्क कायद्याने ते बंद आहे आणि तेच योग्य आहे. त्यांच्या छडीच्या आठवणी काढून ‘तेव्हा शिस्त होती’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शिस्त वहीमुळे होती.

सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. पटसंख्या, संचमान्यता (म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवणं), शिक्षकभरतीचं पोर्टल, यांतून वाट काढत शाळेला विज्ञानाचा शिक्षक मिळाला, गणिताचा मिळाला, पी.टी.चा तास मात्र ‘ज्याला मोकळा तास असेल त्याने घ्यावा’ असा झाला. म्हणजे गणिताच्या सरांनी घ्यावा, आणि गणितच शिकवावं. हे एका शाळेचं दुखणं नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठल्याही गावात विचारा. २०१० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, कार्यानुभव आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, हवेत. मैदानही हवं. म्हणजे आपण मागतो आहोत ती काही नवी चैन नाही. कायद्यात बसलेली, कागदावर मंजूर अशी गोष्ट आहे, आणि तीही अर्धवेळच. पण बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, झालेली आमच्याच गावातली पोरं आज केळीच्या गाडीवर हिशेब लिहितात, कारण ती जागा भरायची कुणाला घाई नाही. मैदानावर लग्नसराईत मांडव पडतो. पालकांचीही तक्रार नाही. आठवीपासून क्लास, मग अकरावीला नाव एका कॉलेजात आणि पोरगं दुसऱ्या शहरात कोचिंगला, हा रस्ता ज्याला परवडतो तो धरतो आणि ज्याला परवडत नाही तो कर्ज काढून धरतो.

खेळावरची आपली सगळी चर्चा वरच्या टोकाची असते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य जिंकलं, साताऱ्याची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहावी आली, बीडचा अविनाश साबळे २०२४ ला पॅरिसला त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचला. तिघंही आपल्यासारख्याच कोरडवाहू, डोंगराळ मुलखातले. त्यांचा अभिमान मलाही आहे. पण दर वेळी पुढचं वाक्य एकच येतं: आपल्याकडेही असा एक निघाला पाहिजे. एक निघाला पाहिजे, म्हणून एक शोधायचा, एकाला बक्षीस द्यायचं, एकासाठी सिंथेटिक ट्रॅक मागायचा. वर्गातल्या उरलेल्या एकोणसाठ पोरांचं काय, हे कुणी विचारत नाही.

आता इथलं सांगते. माझी मुलगी इथल्या सरकारी हायस्कूलच्या क्रॉस कंट्री संघात पळते. ऑगस्ट ते नोव्हेंबर हंगाम असतो, अंतर पाच किलोमीटर, बागेतल्या किंवा गोल्फच्या मैदानावरच्या गवतातून. ट्रॅक लागत नाही, मैदानही शाळेचंच हवं असं नाही. प्रशिक्षक म्हणजे शाळेतलाच एक शिक्षक, दिवसा रसायनशास्त्र शिकवणारा, ज्याला हंगामाचं वेगळं मानधन मिळतं. बहुतेक शाळांत या खेळात निवड चाचणी नसते. यायचं आणि पळायचं. पदकवाली पोरं आणि आयुष्यात पहिल्यांदा पळणारी पोरं एकाच संघात असतात.

आणि गुण मोजायची पद्धत ऐकण्यासारखी आहे. संघाकडून सात जण पळतात, त्यांतल्या पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवतात, ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. शाळेत एक पोरगी विजेसारखी पळते आणि बाकीच्या मागे आहेत, अशी शाळा जिंकू शकत नाही. सगळी शर्यत पाचव्या पोरीवर असते. सहावी आणि सातवीचे गुण धरत नाहीत, पण त्या समोरच्या संघातल्या कुणाच्या पुढे निघाल्या तर त्या संघाचे क्रमांक खाली ढकलतात. त्यामुळे शेवटच्या चढावर पालक ओरडत असतात ते विसाव्या-तिसाव्या क्रमांकावर धडपडणाऱ्या पोरीसाठी. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तापीचा नकाशा डोळ्यांपुढे आला. सरांनी हा नियम कुठे वाचलेला असणं शक्य नव्हतं. एका माणसाने काळ्या मातीवर, स्वतःच्या डोक्याने, तोच विचार केला होता.

इथल्या सगळ्याच गोष्टी घ्याव्यात असं मी म्हणत नाही. इथे शाळा बऱ्याच अंशी स्थानिक घरपट्टीवर चालतात. ज्या भागात लोकांनी करवाढ मतदानात नाकारली तिथे पहिली कुऱ्हाड खेळांवर येते, मग खेळायचं तर पालकांनी शुल्क भरायचं. सराव संपल्यावर मुलाला घरी न्यायला गाडी लागते. ज्या आईची संध्याकाळची पाळी आहे तिचं पोर संघात राहत नाही. सालदाराच्या पोरासाठी दिवेलागणीला परत येणारे सर मला इथे अजून दिसलेले नाहीत. हंगाम संपला की प्रशिक्षकाचं काम संपतं. ओट्यावर बसून वडिलांना समजावणं त्याच्या करारात नाही.

मात्र एक गोष्ट घेण्याजोगी आहे. ओहायोत शाळेतल्या प्रशिक्षकाला परवाना लागतो आणि त्यासाठी प्रथमोपचार, डोक्याची दुखापत, हृदय अचानक बंद पडणं यांचं शिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडच्या उन्हात, भरतीसाठी उपाशीपोटी पळणाऱ्या पोरांच्या आसपास हे जाणणारं एक माणूस असणं किती गरजेचं आहे, ते वेगळं सांगायला नको. सरांना ते अनुभवाने कळत होतं. पुढच्या माणसाला शिकवावं लागेल.

याच ओहायोत, क्लीव्हलँडमध्ये, जेसी ओवेन्स शिकला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं मिळवणारा हा पोरगा शाळेत असताना दुपारी काम करायचा, कारण घरी गरिबी. सराव शाळा सुटल्यावर असे. त्याच्या शाळेतले शिक्षक चार्ल्स रायली यांनी त्याला शाळा भरायच्या आधी, सकाळी एकट्याला, सराव द्यायला सुरुवात केली. ओवेन्स पुढे आयुष्यभर आपल्या यशाचं श्रेय रायलींना देत राहिला. जगाने ओवेन्सची पदकं लक्षात ठेवली. मला त्या गोष्टीत सर्वांत मोलाची वाटते ती वेळापत्रकाची बदललेली ओळ. रायलींना तेव्हा कुठे माहीत होतं की हा पोरगा ऑलिंपिकला जाणार? पोराला दुपारी जमत नव्हतं म्हणून ते सकाळी आले. आपल्या सरांची वेचणीची वही मला तितकीच मोठी वाटते, जरी तिच्यातून ओवेन्स निघाला नाही.

आता भरतीची अकॅडमी. यावर माझ्याशी सर्वांत जास्त वाद घालणारा शाळेत माझ्या दोन वर्गांनी मागे होता, आता पोलिसात आहे. तो म्हणाला, ‘तुले सांगनं सोपं शे ताई, आठे पोटना सवाल शे.’ त्याचं बरोबर आहे आणि मी ते मनापासून मान्य करते. खान्देशातल्या पोरांसाठी धावणं हा छंद नाही. पोलीस भरतीत शारीरिक चाचणी पन्नास गुणांची असते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, आणि त्यातला एकेक गुण घर उभं करतो. पहाटे शिरपूर-चोपडा रस्त्यावर पळणाऱ्या पोरांच्या रांगा मी सुट्टीत येते तेव्हा बघते. सरांनी तयार केलेली कितीतरी पोरं आज खाकीत आणि सैन्यात आहेत, आणि अंत्ययात्रेला सगळ्यांत पुढे तीच होती. त्यांचं ऋण खरं आहे.

पण त्यालाच मी विचारलं, तू भरतीत पळालास ते कुणाच्या जिवावर? अठराव्या वर्षी तो कुठल्याही अकॅडमीत गेला नव्हता. सहावी ते दहावी, पाच वर्षं, दर बुधवारी त्याची वेळ वहीत लिहिली गेली होती. त्याची छाती तेव्हा तयार झाली. अकॅडमीत पोरगं येतं ते एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, महिन्याची फी भरून, आणि तीन महिन्यांत त्याला शरीर तयार हवं असतं. मग गुडघे जातात, पिंडऱ्या भरून येतात, आणि दोनदा नापास झालं की ते पुन्हा शेतात. शिवाय जागा हजारांत आणि अर्ज लाखांत असतात. अकॅडमी ज्यांना नोकरी लावेल त्यांच्यासाठी चांगलीच आहे, पण ज्यांना लावणार नाही त्यांचं धावणं तिथेच थांबतं. शाळेतल्या सकाळच्या फेऱ्यांचं तसं नसतं. माझा दमा आटोक्यात राहिला, आणि मी चाळिशी ओलांडूनही पळते. माझ्या बरोबरच्या सहा-सात जणींपैकी कुणीही पोलिसात नाही, पण तिघी शिक्षिका आहेत, एक वकील आहे, एक गावची सरपंच झाली. घराबाहेर सकाळी सहाला एकत्र निघण्याची सवय आम्हाला तेव्हा लागली, आणि गल्लीलाही आम्हाला तसं बघायची सवय लागली. याचे गुण कुठल्या भरतीत मिळायचे?

दुसरा आक्षेप माझ्या भावाचा आहे आणि तो मला जास्त अडचणीचा वाटतो. तो म्हणतो, जी जागा सरकारने भरायची ती तुम्ही डॉलर पाठवून भरलीत तर सरकार कायमचं सुटलं. हे खरं आहे. गावोगावी अशी उदाहरणं आहेत की लोकवर्गणीतून शिक्षक नेमला आणि मग वरून उत्तर आलं, तुमची सोय झालेली दिसते. म्हणून पैसे आणि मागणी एकत्र जायला हवी. पैसे ठरावीक मुदतीचे, दोन वर्षांचे, आणि त्याच दिवशी शिक्षणाधिकाऱ्यांकडे कायद्याच्या परिशिष्टावर बोट ठेवून लेखी मागणी, पटसंख्येच्या आकड्यासह. दोन वर्षांत निदेशक मिळाला नाही तर त्याच कागदाच्या आधारावर पुढे जायचं. सानेगुरुजींनी १९२४ ते १९३० अंमळनेरला शिक्षक म्हणून काढली, आपल्या गावापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर. खान्देशाला चांगल्या शिक्षकाची किंमत कळत नाही असं कुणी म्हणू नये. आपल्याला शिक्षकाचा गौरव करता येतो. शिक्षकाची जागा मागता येत नाही. गौरवाला खर्च येत नाही, जागेला येतो.

मॅरेथॉनबद्दल दोनच वाक्यं. भरवायची असेल तर रोख बक्षीस नको, कारण पहिल्या दहांत बाहेरगावचे तयार धावपटू येतील, पैसे घेऊन जातील आणि आपली पोरं कडेला उभी राहून टाळ्या वाजवतील. शाळेच्या वर्गांची सांघिक शर्यत ठेवा, प्रत्येक वर्गाचे पहिले पाच नव्हे, हजर असतील तेवढे सगळे मोजा, आणि रेघ तापीवरून पुढे न्या.

कमान नकोच. सरांना भाषणं आवडत नसत, आणि कमानीखाली दर वर्षी भाषणं होतील.

वहीचा प्रश्न आहे. त्या लांबट वह्या सरांच्या घरी होत्या, काकूंनी जपून ठेवल्या आहेत असं सरांच्या मुलीने सांगितलं. त्या शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवण्याऐवजी त्यांचे फोटो काढून घ्यावेत आणि ज्याला आपलं पान हवं आहे त्याला द्यावं, एवढी माझी सूचना आहे. सरांच्या मुलीला ती मान्य आहे. मूळ वह्या घरातच राहतील, त्या मागायला कुणी जाऊ नये.

माझ्या वाट्याची रक्कम मी कळवली आहे आणि ती निदेशकाच्या मानधनासाठीच वापरावी अशी अट घातली आहे. त्यातच फक्कीचा आणि प्रथमोपचाराच्या पेटीचा खर्च धरावा. माणूस गावातलाच बी.पी.एड. झालेला असावा, आणि दोघं मिळाली तर एक मुलगी असावी, कारण ओट्यावर जाऊन बापांना समजावणं आजही संपलेलं नाही. शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा आमच्यातल्या वकील मैत्रिणीने तयार केला आहे. तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलेला आहे. दिवाळीला जे जे गावी येतील त्यांनी शाळेत जाऊन त्यावर सही करावी, नाव आणि दहावीचं वर्ष लिहून. जे येणार नाहीत त्यांनी सही पोस्टाने पाठवावी. अकॅडमीवाल्या माझ्या पोलीस मित्रानेही सही केली आहे, आणि शनिवारी-रविवारी सुट्टी असेल तेव्हा सकाळी शिट्टी घेऊन आपण स्वतः उभं राहू, असं त्याने कळवलं आहे.